डीडीरेस्क्यू : आठ महिने, पाच हार्ड डिस्क

मी कॉम्प्युटरवाला नाही. मिरजेत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, एखादा दिवाळी अंक. ऑगस्टमध्ये दुकानातल्या मशीनची 1 टीबीची हार्ड डिस्क गेली. नऊ वर्षांचं काम तिच्यात. बॅकअप? होता की. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर. हसा.

एकदम गेली नाही ती. आधी पेजमेकरची फाइल उघडायला मिनिटभर लागायचं, मग विंडोज मध्येच गोठायचं, शेवटी 'फॉरमॅट करायची का?' असं विचारायला लागली. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं चेकडिस्क, म्हणजे विंडोजचाच डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, लावली आणि रात्रभर चालू ठेवून तो घरी गेला. सकाळी होते तेही काही फोल्डर गायब. हे नंतर कळलं, की चेकडिस्क नुसती वाचत नाही, दुरुस्ती करायला सांगितली तर डिस्कवर लिहितेही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे जखमेवर चालणं. डेटा रिकव्हरीच्या एका लॅबला फोन केला, आकडा ऐकला, ठेवून दिला. मग भाच्यानं जीएनयू डीडीरेस्क्यूचं नाव सांगितलं. बिघडलेल्या डिस्कची जमेल तेवढी प्रत दुसरीकडे काढणारा प्रोग्रॅम. विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, फुकट आहे.

सुरुवातीलाच एक संध्याकाळ वाया गेली ती नावापायी. उबंटूत, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, आत प्रोग्रॅमचं नाव डीडीरेस्क्यू, आणि मधे अंडरस्कोर असलेला त्याच नावाचा दुसराच एक प्रोग्रॅम आहे, तो वेगळ्या माणसाचा. आता मी सिस्टमरेस्क्यूचा, म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठीच्या लिनक्सचा, पेनड्राइव्हच करून ठेवलाय, त्यात हे आधीपासून असतं.

काम करायची पद्धत मात्र मला फार आवडली. हुशार पोरं पेपरातले स्वतःला येतात ते प्रश्न आधी उरकतात, तसं. जिथे वाचता येतंय ते भराभर उचलायचं. अडखळलं की तिथे डोकं आपटत न बसता उडी मारून पुढे जायचं. अवघड जागा शेवटी, कडेकडेनं कुरतडत. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद ते एका मॅपफाइलमध्ये ठेवत जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, यूपीएसनं दहा मिनिटं तग धरला आणि सगळं बंद. मी कपाळाला हात लावला. लाइट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली, तर जवळपास सोडलं तिथूनच चालू! मॅपफाइलचं नाव द्यायला विसरला असाल तर मात्र हे सुख नाही.

पहिल्या साडेचार तासांत 99.2 टक्के आलं. उरलेल्याला अडीच दिवस. पडद्यावर 'शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी' अशी एक ओळ असते. ती वीस-वीस मिनिटांवर जायची, आणि मी पत्रिकेचं प्रूफ तपासता तपासता तिच्याकडेच बघायचो. शेवटी 99.98 वर थांबवलं. ऐकायला भारी वाटतं, पण 1 टीबीचे 0.02 टक्के म्हणजे 200 एमबी. ते कुठल्या फायलींतले?

यासाठी यात एक सोय आहे. वाचता न आलेल्या जागी आपण दिलेला मजकूर इमेजमध्ये, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलमध्ये, भरता येतो. मी तिथे ओळखीचे दोन इंग्रजी शब्द भरले, मग ती इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी उघडली, आणि ते शब्द कुठल्या फायलींत आहेत ते शोधलं. 37 निघाल्या. बाकीचं नुकसान रिकाम्या जागेत. त्या 37 मधल्या बऱ्याचशांच्या पीडीएफ छापखान्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये सापडल्या. चेकडिस्कनं गिळलेले फोल्डर टेस्टडिस्क नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं काही परत दिले, काही नाही.

त्यानंतर ओळखीच्यांच्या चार डिस्क आल्या. दोन सरळ निघाल्या. तिसरी एका फोटोग्राफरची, फॉरमॅट झालेली. तिची इमेज काढून त्यावर फोटोरेक हा पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. फोटो आले, पण नावं गेली. प्रत्येक फोल्डरात पाचशे-पाचशे फायली, नावात नुसते आकडे. कुठलं लग्न कुणाचं हे फोटोतल्या तारखेवरून लावत बसला बिचारा, दोन आठवडे.

तक्रारी? बटणं नाहीत, सगळं टाइप करायचं. मूळ डिस्कएवढी तरी मोकळी जागा आधी विकत घ्यावी लागते. आज्ञेत आधी मूळ, मग प्रत. हा क्रम उलटा झाला तर वाचवायची डिस्कच पुसली जाईल. डिस्कवर थेट लिहायचं असेल तर वेगळी सक्तीची खूण द्यावी लागते, तेवढीच एक कडी. म्हणून मी थेट डिस्कवर लिहीतच नाही, इमेज फाइलच काढतो, आणि आज्ञा दाबण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर स्टिकरशी ताडून बघतो. डिस्क यूएसबीच्या केसमध्ये ठेवून प्रत काढू नका असंही सांगेन. दोनदा मधेच कनेक्शन तुटलं, मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडल्यावर नीट चाललं.

शेवटची, म्हणजे माझी धरून पाचवी, डिस्क एका शिक्षिकाबाईंची. लावली तर टक्, टक्, टक्, थांब, पुन्हा टक्. हेडचा, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या टोकाचा, प्रकार. लगेच काढली. हेड प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीपासून, काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना डिस्क फिरवत राहिलं तर चकतीच खरवडते, आणि मग लॅबवाल्यांच्याही हाती काही राहत नाही. इथे कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. धूळमुक्त खोलीत उघडावी लागेल, पैसे लागतील, असं त्यांना सांगितलं. "दिवाळीनंतर बघू, सध्या तुमच्याकडेच असू दे," म्हणाल्या. बबल रॅपमध्ये गुंडाळून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. दिवाळी होऊन पाच महिने झाले.