घरी मारलेला क्लिअर कोट : आठ महिन्यांनंतर

रंगकाम कसं झालंय हे पेंटर लोक ट्यूबलाइटखाली बघतात. गाडी ट्यूबखाली लावायची आणि बॉनेटमध्ये पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब निरखायचं. कड ताणलेल्या दोरीसारखी सरळ दिसली तर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नीट बसला; थरथरली तर संत्र्याची साल, म्हणजे तसा खडबडीत पृष्ठभाग. माझ्या बॉनेटवर आठ महिन्यांनीही ती कड सरळ आहे, ड्रायव्हरच्या बाजूचा वीतभर भाग सोडून. छताकडे मात्र बघूच नका.

गाडी चौदा वर्षांची, चंदेरी मेटॅलिक हॅचबॅक. सांगलीजवळच्या आमच्या गावात ती बाराही महिने उन्हात उभी असायची. बॉनेट आणि छतावरचा क्लिअर पांढरा पडून पापुद्रे सुटायला लागले. आधी दोन डबे पॉलिश वाया घालवलं. जो थर उरलाच नाही तो चमकणार कुठून, हे उशिरा कळलं. गॅरेजवाल्यानं दोन्ही पॅनलचे साडेनऊ हजार सांगितले. मी कॉम्प्रेसर, रंग फवारायची गन, मास्क, बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर), क्लिअर आणि घासायचा पेपर मिळून साडेचौदा हजार घातले. म्हणजे पैसे वाचवायला म्हणून कुणी या भानगडीत पडत असेल तर इथंच थांबावं. कॉम्प्रेसर घरात राहिला, एवढीच समजूत. हल्ली अख्खी गल्ली त्यावर सायकलीत हवा भरते.

सामान असं : एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर, १.४ मिमी नोझलची एचव्हीएलपी गन (जास्त हवेनं, कमी दाबानं फवारणारी), लिटरभर टूके, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा क्लिअर आणि त्याचा अर्धा लिटर हार्डनर, म्हणजे तो घट्ट करणारं रसायन. स्प्रे कॅनमधला साधा वनके, म्हणजे एकाच घटकाचा क्लिअर मी मुद्दाम टाळला. तो नुसता थिनर उडून सुकतो आणि त्यावर पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. टूकेमध्ये हार्डनरची क्रिया होऊन थर पक्का बनतो. माझ्या डब्यावर दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर असं प्रमाण होतं. ते मापाच्या कपानंच घ्यायचं, अंदाजानं ओतायचं नाही.

जुना क्लिअर ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासून काढणं, बेस कोट मारणं हे सगळं कंटाळवाणं पण सरळ होतं. खरी परीक्षा क्लिअरला. बॉनेटवर तो मी तीनदा मारला.

पहिल्यांदा फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी दोनला, पत्र्याच्या शेडमध्ये. आत सहज ३५ अंश असतील. दुकानदारानं न विचारता फास्ट हार्डनर दिलेला, आणि ओघळ येतील या भीतीनं मी गन फूटभर लांब धरलेली. दोन हात (थर) मारले आणि संध्याकाळी ट्यूब लावली, तर बॉनेट म्हणजे नागपूरच्या बाजारातली संत्र्यांची रास. गावात एक जुने पेंटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी नखानं कड चाचपली.

"मामा, साल कशानं आली?"

"आरं, गन लांब धरलीस. निम्मं क्लिअर हवेतच वाळलं. जे खाली आलं त्याला पसरायला वेळ कुठं दिलास?"

गोम इथंच आहे. गनमधून क्लिअर थेंबाथेंबानंच येतो. पत्र्यावर पडल्यावर ते थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हायला काही मिनिटं ओले राहावे लागतात. उन्हाळ्यात फास्ट हार्डनर ती मिनिटं खाऊन टाकतो. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर स्लो हार्डनरच मागून घ्यावा आणि काम सकाळी आठच्या आत आटपावं. गन एक वीत अंतरावर, पत्र्याला समांतर फिरणारी, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढलेला. मनगट वळवून झोका दिला की पट्ट्याची टोकं कोरडी राहतात. खांद्यातून हात न्यायचा.

दुसऱ्यांदा हे सगळं पाळलं आणि तरीही फसलं. ओल्या क्लिअरमध्ये डाळीएवढे गोल खड्डे उघडायला लागले, माझ्या डोळ्यांदेखत. याला फिश आय म्हणतात. आदल्या दिवशी चुलतभावानं त्याच शेडमध्ये त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारा स्प्रे मारला होता. त्यातलं सिलिकॉन हवेतून माझ्या बॉनेटवर बसलं, आणि सिलिकॉनवर क्लिअर टिकत नाही, मागं सरतो. भाऊ अजून म्हणतो, "एवढ्याशा स्प्रेनं काय होतंय दादा." परत घासलं. या वेळी ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटनं दोनदा पुसलं, एका फडक्यानं लावायचं आणि दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं, तेव्हा कुठं पीडा गेली.

तिसऱ्यांदा जमलं. जमिनीवर पाणी मारलेलं, शेडला प्लॅस्टिक लावलेलं. कारण आमच्याकडे गाळप सुरू असलं की साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते आणि ती नेमकी ओल्या रंगावरच बसते. पहिला हात हलका, मग पंधरा मिनिटं थांबून, कडेच्या टेपला बोट लावल्यावर तार सुटायची बंद झाली तेव्हा दुसरा भरघोस हात. ड्रायव्हरच्या बाजूला पोचेपर्यंत मात्र टाकीतली हवा संपत आली. एचव्हीएलपी गन हवा फार खाते आणि एक एचपीला ती पुरवता येत नाही. दाब पडला की थेंब जाड होतात. तो वीतभर सालीचा पट्टा तिथलाच. मी आज घेतली तर एलव्हीएलपी गन घेईन, ती कमी हवेत भागवते.

आरशासारखा गुळगुळीतपणा गनमधून येतो असं व्हिडिओत वाटतं. माझा तरी पेपरमधून आला. दोन दिवस वाळू दिलं आणि मग रबरी ठोकळ्यावर १५००, त्यानंतर २०००, शेवटी ३००० चा पेपर, बादलीत साबणाचा थेंब टाकलेलं पाणी. घासताना बॉनेट दुधाळ, मेलेलं दिसायला लागतं. पोटात गोळा येतो. पण खोलगट जागी राहिलेले चमकते ठिपके म्हणजे अजून साल शिल्लक, ते नाहीसे होईपर्यंत हात चालवायचा. मग रबिंग कंपाउंड (चमक आणणारी घासायची पेस्ट) आणि फोम पॅड. बॉनेटच्या कण्यावर, जिथं पत्रा वळतो, तिथं थर पातळ असतो. मी टेप लावायला विसरलो आणि एका जागी क्लिअर पार घासला गेला. तो रुपयाएवढा डाग आज मंद दिसतो.

छताची चूक वेगळी. एका बाजूनं हात मधपर्यंतच पोचतो, म्हणून कडेकडून मध्याकडे यायचं आणि लगेच पलीकडे जाऊन मध्यापासून बाहेर मारत जायचं. पाइप गाडीला घासू नये म्हणून मी वळसा घालत बसलो, तोवर मधला पट्टा कोरडा पडला. तो झाकायला घाईनं जाड हात दिला. वरची साय आधी धरली, आतला थिनर नंतर बुडबुडे करून बाहेर आला. सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं, शेकड्यांनी. ती घासून जात नाहीत, खोल असतात.

आठ महिन्यांचा हिशेब सांगतो. एप्रिल-मेचं ऊन बॉनेटनं सोसलं, पिवळेपणा नाही. पावसाळ्यात पाणी मोत्यासारखं ओघळून जायचं. पहिल्या पंधरवड्यात कावळ्याची विष्ठा अर्धा दिवस राहिली, तिथं कायमचा ठसा उमटला, कारण क्लिअर तेव्हा आतून कच्चाच होता. पुढच्या काचेच्या रबराखाली मला नीट घासता आलं नव्हतं, तिथं ऑगस्टमध्ये नखाएवढा पापुद्रा सुटला. छताच्या भोकांत धूळ बसून ती आता करडी दिसतात.

मास्कबद्दल एक कबुली. पहिल्या दिवशी मी कापडी मास्कवर भागवलं आणि रात्रभर छाती भरून खोकलो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दम्याचं दुखणं मागं लागू शकतं. कापड त्याला अडवत नाही. नंतर कार्ट्रिजवाला मास्क, गॉगल, हातमोजे घेतले, आणि आईला सकाळी मावशीकडे पाठवायला लागलो. मोठ्या वर्कशॉपमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क असतो, तो घरी कोण आणणार. मामा चाळीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून काम करतायत. चार पायऱ्या चढले की थांबतात.

दसऱ्याला छत पुन्हा करायचं ठरवून उरलेला हार्डनर काढला. झाकण नीट बसलं नव्हतं, पावसाळ्याची दमट हवा आत गेली होती. डबा उलटा केला, तर आतला गोळा थुलथुलीत खरवसासारखा हलला आणि तिथंच राहिला. आता नवा डबा, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीची एखादी सकाळ.