क्लिनिकचं सॉफ्टवेअर, दहा महिन्यांनंतर

गुढीपाडव्याला मुहूर्त साधून ओपीडीत कॉम्प्युटर बसवला. तालुक्याच्या गावात माझी जनरल प्रॅक्टिस आहे, एकोणीस वर्षांची. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, बाहेर एक कंपाउंडर, आत मी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. डेमो द्यायला आलेल्या तिघांनी थोड्याफार फरकाने हेच दाखवलं होतं.

डेमोत एक पेशंट दीड मिनिटात उरकला. (डेमोतला पेशंट बोलत नाही.) पहिल्या आठवड्यात मला एकेकाला पाच मिनिटं लागली आणि दीडला आटपणारी ओपीडी साडेतीनला आटपली. गुडघेदुखीच्या एक आजी शेवटी म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्याकडं बघा की जरा. त्या टीव्हीत काय चाललंय एवढं?” त्या दिवशी संध्याकाळी टेबल फिरवलं. आता वजन, बीपी, तक्रार कंपाउंडर बाहेरच भरतो. मी आधी ऐकतो, तपासतो आणि मग निदान नि औषधं तेवढी टाकतो. बाकीच्या वीस रकान्यांना हातही लावत नाही. वेळ दोन मिनिटांवर आली आहे. केसपेपरपेक्षा अजूनही जास्तच.

खरा फायदा छापील चिठ्ठीचा. “सकाळी 1, रात्री 1, जेवणानंतर” असं मोठ्या अक्षरात मराठीत येतं. माझं अक्षर गावात प्रसिद्ध होतं, त्यामुळे मेडिकलवाल्याचे दिवसाचे पाच-सहा फोन यायचे, ते जवळजवळ थांबले. पण इथेही एक चूक माझीच. काटकसर म्हणून बिलाचा थर्मल प्रिंटर घेतला. मे महिन्यात मधुमेहाचे एक काका खिशातून चिठ्ठी काढतात तर कागद कोरा. थर्मल कागदावरचं उन्हातान्हात उडून जातं, हे मला आधी सुचायला हवं होतं. जुन्या गोळीचं नाव मात्र कॉम्प्युटरमध्ये होतं, तेवढी लाज राखली. दुसऱ्या दिवशी साधा लेझर प्रिंटर आणला.

दुसरी चूक भोवली असती. अंगाला खाज म्हणून आलेल्या बाईंना हायड्रॉक्सिझिन द्यायचं होतं. पहिली चार अक्षरं टाकली, यादी उघडली आणि घाईत वरचं हायड्रालाझिन निवडलं गेलं. ते रक्तदाबाचं. मेडिकलवाल्याचा फोन आला, “डॉक्टर, हे खाजेलाच ना?” हाताने लिहिताना माझ्याकडून ही चूक झाली नसती, दुसऱ्या शेकडो झाल्या असत्या. तेव्हापासून मी नेहमीच्या नव्वद औषधांची वेगळी यादी करून ठेवली आहे, बाहेरचं काही हवं असेल तर पूर्ण नाव टाइप करतो. ‘मागचीच औषधं’ हे बटणही जपून दाबावं. एका काकांना खोकला बरा होऊन महिना झाला तरी कफ सिरप छापून जात होतं.

आता आभा, म्हणजे पेशंटची आरोग्याची कागदपत्रं एका नंबरला जोडायची केंद्र सरकारची योजना. 2021 च्या सप्टेंबरात ती देशभर लागू झाली, तेव्हा हेल्थ आयडी म्हणायचे. 14 आकडी नंबर आम्ही आधारच्या ओटीपीवरून काढतो, आणि आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मोबाइल असतो पुण्यातल्या मुलाचा. आजी काउंटरवरून फोन लावतात, “अरे, नंबर आलाय बघ, सांग पटकन.” मुलगा म्हणतो, “आई, कुणालाही ओटीपी देऊ नको, फोन ठेव!” त्याचं काय चुकलं? दहा महिन्यांत दीडशेच्या आसपास नंबर निघाले आणि कंपाउंडरच्या शिव्या त्याच्या दुप्पट.

नंबर निघाला की पेशंटची जुनी कागदपत्रं मला दिसतील, असं सांगितलं होतं. दिसतात, पण दोन अटींवर. पेशंटने मोबाइलवर मंजुरी द्यायची, आणि त्याआधी मुळात कुणीतरी ती कागदपत्रं त्याच्या नंबरला जोडलेली हवीत. मंजुरी देतात बिचारे. जोडणारं कुणी नाही. मी माझ्या चिठ्ठ्या इमानेइतबारे जोडतो, मात्र बाहेरून आजवर चारच रिपोर्ट आले. बायपास करून आलेला पेशंट अजून प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढतो, आणि लॅबचा रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवरच येतो, तोही आडवा फोटो. दोष सॉफ्टवेअरचा नाही, पण पैसे मी याचसाठी भरले होते.

राग आला तो बॅकअपवरून. माझ्या पेशंटची माहिती मला द्या म्हटलं तर पाच हजार सुट्या पीडीएफ फाइली मिळाल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता येईल अशी यादी हवी, तर “त्याचे वेगळे चार्जेस, सर”. घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी लेखी मागावं, मी मागितलं नव्हतं.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालतं, नेट गेल्यावर मात्र जुनं काही दिसत नाही. पावसाळ्यात हे आठवड्याला घडलं.

जुने एकोणीस वर्षांचे केसपेपर मी चढवले नाहीत, फक्त बीपी-शुगरचे चारशे पेशंट भाचीकडून भरून घेतले. त्यांच्यासाठी मात्र ही वस्तू मला परत द्यायची नाही. तीन वर्षांची शुगर एका रेषेत दाखवली की पथ्याचं भाषण करावं लागत नाही, पेशंट स्वतःच मान खाली घालतो.

वार्षिक नूतनीकरण मार्चमध्ये आहे. पैसे भरायला तयार आहे, पण आधी ती यादी माझ्या पेनड्राइव्हवर हवी, असं कळवलंय. उत्तर आलेलं नाही. कंपाउंडरने न विचारता कोऱ्या केसपेपरचे दोन गठ्ठे मागवून ठेवलेत.