टेन्शनर एकटाच बदलायचा की चेनचा अख्खा सेट?

सकाळी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड, मग सगळं शांत. जुन्या १.३ डिझेलवाल्यांना हा आवाज पाठ असतो. स्विफ्ट असो, व्हिस्टा असो की पुंटो, आत फियाटचंच १२४८ सीसीचं इंजिन. मेकॅनिक सांगतो, टेन्शनर गेलाय. पिस्टनकडचा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात फिरवते ती टायमिंग चेन, आणि ती ताणून धरतो तो टेन्शनर.

टेन्शनर चालतो ऑईलच्या प्रेशरवर. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑईल ओसरतं आणि पुन्हा प्रेशर येईपर्यंत सैल चेन गाइडवर (ती जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर) आपटत राहते. म्हणून आधी डिपस्टिक बघा. ऑईल कमी किंवा जुनं झालं असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं भरा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. ‘जाड ऑईल टाका, आवाज जाईल’ हा सल्ला मात्र ऐकू नका. थंड इंजिनात जाड ऑईल टेन्शनरपर्यंत उशिराच पोचतं.

नुसता टेन्शनर स्वस्त, हे खरं. पण या इंजिनात तो पुढच्या कव्हरच्या आत बसतो आणि ऑईल पंपही त्याच कव्हरमध्ये. म्हणजे चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) उतरवा, कव्हर काढा, पुन्हा सील आणि नवं ऑईल. टेन्शनर एकटा असो की अख्खा सेट, लेबर जवळपास सारखंच. (बहुतेक बाइकचा टेन्शनर बाहेरून दोन बोल्ट काढले की हातात येतो. तिथे एकटा बदलणं पटतं.)

शिवाय चेन ‘लांबते’ म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीची पिन आणि भोक केसभर झिजतं. अशा चेनवर नवा टेन्शनर लावला की आवाज दबतो, टायमिंग मागेच राहतं. मध्यंतरी एका गॅरेजात उतरवलेलं गाइड हातात घेतलं, तर चेनने पाडलेल्या दोन रेघांत नख अडकत होतं. त्यावर नवा टेन्शनर कशाला लावायचा?

माझं मत सेटच्या बाजूने: चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं). चेन-गाइड नुकतेच बदललेले असतील तरच एकटा टेन्शनर.

इंजिन गरम झाल्यावरही खडखड राहिली किंवा स्कॅनरवर पी००१६ (क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) आला, तर गाडी टो करूनच न्या. चेनने दात सोडले की रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) तुटतात. नशीब असेल तर व्हॉल्व्ह वाचतात, नाहीतर हेड खोलावं लागतं.

काम देण्याआधी मेकॅनिककडे कॅम-क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का ते बघा. आणि सहज विचारा, क्रँकचा बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो? या इंजिनात त्याचे आटे उलटे आहेत. ‘नेहमीसारखाच’ म्हणाला, तर चावी खिशात घाला आणि निघा.