परकरांची चळत की पोलादी पिंजरा?

नाटकासाठी ‘व्हिक्टोरियन गाऊन’ हवा म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मोबाईलवर एकच चित्र असतं: मुठीएवढी कंबर आणि खाली भलामोठा घुमट. संहितेत साल मात्र असतं १८४२. घोळ इथूनच सुरू होतो, कारण तो घुमट ज्या पोलादी सांगाड्यावर उभा राहतो तो आला १८५६ मध्ये. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. म्हणजे तिच्या राज्यातली पहिली एकोणीस वर्षं बायका बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, गेल्या त्या परकरावर परकर चढवून.

तेव्हा निवड दोन पोशाखांतली आहे: १८४० च्या दशकातला संध्याकाळचा गाऊन, की १८५० चं दशक संपतानाचा. कापडाच्या दुकानात पाय ठेवण्याआधी घेराच्या आत काय असणार ते ठरवा. बाकीचं त्यावरून ठरतं.

चाळीसच्या दशकात आत पाच-सहा परकर सहज असायचे. त्यातल्या एकात घोड्याच्या केसांचं विणकाम. फ्रेंचमध्ये ‘क्रॅं’ म्हणजे घोड्याचे केस आणि ‘लॅं’ म्हणजे लिननचा धागा. क्रिनोलिन हे नाव या कडक कापडाचं, पिंजऱ्याला ते नंतर चिकटलं. एवढ्या थरांमुळे झगा घंटेसारखा दिसतो. कमरेतून गोलाई घेतो आणि पावलांपाशी जड होऊन खाली ओढला जातो. सगळा भार कमरेवर. आपल्याकडच्या मे महिन्यात, दिव्यांच्या झोतात, दोन अंक हे अंगावर वागवणाऱ्या मुलीला माझा आधीच नमस्कार.

पण याचं शिवणकाम बघण्यासारखं आहे. तीन-साडेतीन मीटरचा घेर त्या बारक्या कमरेत बसवायचा कसा? कापडाचा वरचा काठ आत दुमडायचा, त्यावर एकाखाली एक असे धावदोऱ्याचे दोन-तीन समांतर पदर टाकायचे, टाके अगदी समोरासमोर. मग दोरे ओढायचे. चुण्या बासरीच्या नळ्यांसारख्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. प्रत्येक नळीची फक्त कड हाताने चोळीला टाचायची. हे मशीनवर जमत नाही, मी करून पाहिलंय. मशीनची टीप चुणी दाबून चपटी करते आणि कमरेपासून बाहेर उसळणारा तो फुगार निघून जातो.

चोळी पुढे टोकदार, पोटावर उतरलेली, शिवणींत बारीक दोरी घातलेला गोट. गळा खांदे मोकळे सोडणारा, त्याभोवती लेसची रुंद पट्टी, म्हणजे बर्था. बंद पाठीमागे, त्यामुळे दुसऱ्या हाताशिवाय हा पोशाख चढत नाही. मध्यंतरात बदलायचा असेल तर विंगेत एक माणूस राखून ठेवा. आणि बाही. ती खांद्याच्या खाली, दंडावर बसते. आमच्या एका प्रयोगात नायिकेला कपाटावरचं पत्र काढायचं होतं. तालीम साडीत झाली होती. रंगीत तालमीला हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. शेवटी पत्र टेबलावर आलं.

आता दुसरा पर्याय. पिंजरा म्हणजे फितींवर एकाखाली एक लटकवलेली पोलादी कडी. वजनाला हलका आणि पाय मोकळे, वर एखादा परकर पुरतो. वॉल्ट्झ किंवा पोल्का असेल (पोल्का लंडनमध्ये पोचला १८४४ साली) तर या घेराची गिरकी वेगळीच दिसते, झगा नर्तकीच्या अर्धा क्षण मागून वळतो. गैरसोय जागेची. आमच्याकडच्या कितीतरी रंगमंचांच्या विंगा एवढ्या अरुंद की नायिका आडवी होऊन आत येते. खुर्चीवर मागची कडी न उचलता बसली तर पुढचा घेर वर उसळतो आणि प्रेक्षक नको तिथे हसतात.

खर्चात फरक आहे. आधीचा गाऊन हातांना खातो, नंतरचा कापडाला. पाच मीटरच्या आसपासचा घेर, त्यावर झालरींचे थर आणि प्रत्येक झालर घेरापेक्षा लांब. चुण्यांऐवजी सपाट प्लीट चालतात, मशीन चालतं, चोळी-झगा वेगळे ठेवता येतात.

रंगाचं सोपं आहे. १८४२ च्या नायिकेला भडक जांभळं नेसवू नका. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला रसायनशाळेत तो मोव्ह (जांभळा) रंग सापडला तोच १८५६ मध्ये, आणि राणीने तो थोरल्या मुलीच्या लग्नात मिरवला जानेवारी १८५८ मध्ये. आधीच्या दशकासाठी धूपछाव रेशीम घ्या. त्या काळी ते फार आवडायचं आणि आपल्याकडे सहज मिळतं. जरीचं ब्रोकेड मात्र नको. कितीही सुंदर असलं तरी लांबून ते लग्नातला शालूच दिसतं.

शाल दोन्हींवर चालते, आणि ती काश्मिरी असली तर उत्तमच. १८४६ च्या अमृतसर करारात जम्मूच्या राजा गुलाबसिंगांनी इंग्रजांना दरवर्षी द्यायच्या वस्तूंत काश्मिरी शालींच्या तीन जोड्या होत्या, एक घोडा आणि बारा शेळ्यांसकट.

माझं मत विचाराल तर छोटा रंगमंच, बैठकीचे प्रसंग, संवादाचं नाटक असेल तर चाळीसचं दशक. नाच असेल, जागा असेल आणि संहिता १८५६ नंतरची असेल तर पिंजरा. भपका हवा पण साल आधीचं, अशी अडचण असेल तर चित्रकार विंटरहाल्टरचं १८५५ चं चित्र बघा, फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या मानकरणी. पांढरे, फिके झगे ढगांसारखे पसरलेत आणि पिंजरा अजून यायचाय. परकरांवर झालरी चढवून ते साधतं.

काहीही निवडा, झग्याची उंची आतलं सगळं घालून आणि सपाट सॅटिनच्या सपाता पायात असतानाच मोजा. नुसत्या कमरेवर टेप लावून कापलेला झगा परकरांवर चढला की चार बोटं वर जातो, आणि मग खाली जोडलेली पट्टी शेवटच्या रांगेतूनही दिसते.