बिलात नवा दरवाजा, गाडीवर जुनाच: डेंटिंग-पेंटिंगमधली फसवणूक कशी ओळखायची

अपघातानंतर गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचं एकूण बिल ८०,६०० रुपये. त्यातले ६१,६२० विमा कंपनीने गॅरेजला परस्पर दिले, १८,९८० आमच्या खिशातून गेले, आणि तीन वर्षं क्लेम न केल्यामुळे जमलेला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, गेला तो वेगळाच. या बिलात चार भाग 'नवे लावले' म्हणून लिहिलेत, जे गाडीत नाहीतच: बॉनेट ८,६४०, डावा पुढचा दरवाजा १३,९००, रेडिएटर सपोर्ट (रेडिएटर धरून ठेवणारी पुढची पट्टी) ५,४६० आणि डावा हेडलॅम्प ६,७२०. बेरीज ३४,७२०. खरोखर नवे बसवले ते दोनच, ३,१८० चा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि ४,३५० चा बंपर. बाकी जुनाच पत्रा ठोकला, लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरली, वरून रंग मारला आणि गाडी हातात दिली.

एस्टिमेटमध्ये 'रिप्लेस' लिहायचं आणि प्रत्यक्षात 'रिपेअर' करून फरक खिशात घालायचा, हा धंदा कोणाला नवीन नाही. म्हणूनच आम्ही नाक्यावरच्या टपरीत गाडी टाकली नव्हती. विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतलं गॅरेज होतं, स्वतःचा पेंट बूथ असलेलं, जॉब कार्ड देणारं. नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला होता. सामान्य माणसाने यापलीकडे काय खबरदारी घ्यायची?

गाडी ताब्यात दिली ती संध्याकाळी, धुऊन, अंगावर पाण्याचे थेंब तसेच ठेवून, ट्यूबलाइटखाली. थेंबांनी भरलेल्या पत्र्यावर घासाईच्या रेघा दिसत नाहीत, शेडमधला फरक तर मुळीच नाही. सिल्व्हर-ग्रेसारखा मेटॅलिक रंग ट्यूबखाली जुळलेला वाटतो आणि उन्हात तिरकं पाहिलं की दरवाजा वेगळा, फेंडर वेगळा. ही वेळ काही योगायोगाने निवडलेली नसते.

पण चीड येते ती बोल्टांची. डावा दरवाजा उघडला की बिजागरीचे बोल्ट समोरच दिसतात. दरवाजा बदलायचा तर ते सोडावेच लागतात, आणि पाना लागला की बोल्टच्या कडांवरचा रंग तुटतो, खाली धातू चमकतो, वॉशरभोवती जुन्या जागेची कड दिसते. आमच्या बोल्टांवर कंपनीतला रंग अखंड होता. एकाही कोपऱ्यावर ओरखडा नव्हता. १३,९०० रुपयांचा दरवाजा बदलला म्हणतात आणि तो बसवायला पानाच लागला नाही! दरवाजा उघडून आत बसताना हे बोल्ट वीतभर अंतरावर होते. काउंटरवरचा माणूस तेव्हा सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, म्हणजे काम समाधानकारक झाल्याची कबुली, पुढे करून सही मागत होता आणि 'सही झाल्याशिवाय गेट पास निघत नाही' म्हणत होता. अशा वेळी बिजागऱ्या बघायचं कोणाला सुचतं? सुचू नये म्हणूनच ती घाई असते. तुम्ही मात्र आधी बोल्ट बघा. दरवाजा, बॉनेट, फेंडर, डिकी, सगळ्यांचे. न बदललेल्या बाजूचे बोल्टही बघा, म्हणजे फरक कळेल. एक सांगून ठेवते, पान्याची खूण असली म्हणजे भाग नवाच, असं नाही, नुसता सोडून परत बसवलेलाही असू शकतो. खूण नसेल आणि बोल्टांवर कंपनीतलाच अखंड रंग असेल तर मात्र तो बदललेला नाही, असंच धरा.

बॉनेटची चोरी खालून दिसते. नवं बॉनेट कंपनीतून काळ्या किंवा करड्या प्रायमरमध्ये येतं, त्यामुळे खालची बाजूही गॅरेजलाच रंगवावी लागते आणि ती कंपनीच्या रंगापेक्षा ओळखू येईल इतकी निराळी असते. आमच्या बॉनेटखाली मूळचाच रंग होता, आणि पुढच्या कडेपासून चार बोटांवर शर्टाच्या बटणाएवढे करपलेले गोल डाग एका ओळीत. पोचा बाहेरून ओढायला पत्र्यावर स्टड (छोटे खिळे) वेल्ड करतात, त्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो. हे डाग झाकायला वर काळा स्प्रे मारला होता, तो बोटाला लागत होता. कडेची सीलरची (सांधा बुजवणाऱ्या लेपाची) रेघही बघा. कंपनीची रेघ सरळ, एकसारख्या जाडीची असते. हाताने भरलेली कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच ब्रशच्या खुणा.

नंतर रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर लावलं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वापरलेल्या गाड्या तपासणाऱ्यांकडे ते असतंच. सोबतच्या कोऱ्या पट्टीवर आधी शून्य करून घ्या, आणि अपघात न झालेल्या भागापासून सुरुवात करा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन असतो. आमचं छत १०५ ते १२०, उजवा दरवाजा ११० ते १२५. नवा फेंडर १४५ ते १७०, म्हणजे ठीक. डावा दरवाजा काचेजवळ ३१० आणि मधल्या घडीखाली १,४८०. बॉनेटची पुढची कड ८२० ते ९६०. नुसता दुसऱ्यांदा रंग दिलेला पत्रा २०० ते ३०० दाखवतो आणि सगळीकडे जवळपास सारखाच दाखवतो, त्यामुळे २५० दिसलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. एकाच पत्र्यावर हातभर अंतरात आकडा चौपट होत असेल, तर आत लांबी आहे. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे मीटर चालत नाही. मीटर नसेल तर छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवा. पातळ रंगावर ते घट्ट धरतं, जाड लांबीवर सुटतं.

लांबी भरणं हा गुन्हा नाही. चांगला डेंटर पत्रा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि पुलरने जवळजवळ मूळ पातळीवर आणतो आणि वर दोन-तीन मिलिमीटरच्या आत लांबी देतो. लांबी कडक करणारा हार्डनर सुमारे दोन टक्के. जास्त घातला तर त्यातलं पेरॉक्साइड वर येऊन रंगावर पिवळट डाग पडतात, कमी घातला तर आत कच्ची राहते आणि काही आठवड्यांनी बसते, मग भरलेल्या जागेचा नकाशा वरून दिसायला लागतो. घासाई कोरडी करायची, ८० नंबरच्या पेपरपासून १८०, मग ३२०. आपल्याकडे अर्धे लोक लांबी पाणी टाकून घासतात, कारण धूळ उडत नाही. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. ते पाणी प्रायमरखाली अडकतं आणि पावसाळ्यात दरवाज्यावर फोड येतात. फोड फोडला की खाली गंजाचा ठिपका. आमच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला नेमकं हेच झालं. पाणी घ्यायचं ते टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर सुकल्यावर, ६०० ते ८०० च्या पेपरला.

रंगाचे २१,६०० लावले, 'पीयू पेंट, बूथ बेक' म्हणून, म्हणजे हार्डनर घातलेला पॉलियुरेथेन रंग, बंद बूथमध्ये तापवून पक्का केलेला. बूथमधलं काम म्हणजे बेस कोटचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर सुकायला दहा-पंधरा मिनिटं, वर क्लिअरचे (पारदर्शक थराचे) दोन हात आणि साधारण ६० अंशांवर अर्धा तास बेकिंग. घाईत मारलं की सॉल्व्हंट आत कोंडतं आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. ती क्लिअर कोटमध्ये असतात, रबिंग-पॉलिशने जात नाहीत. पीयू आहे की स्वस्तातला एनसी (नुसता सुकणारा नायट्रोसेल्युलोज रंग), हे ओळखायला दरवाज्याच्या आतल्या कडेवर, कोपऱ्यात, चिंधीवर थोडं थिनर घेऊन घासा. पक्का झालेला टू-के रंग हलत नाही. आमच्या दरवाज्याच्या कडेचा रंग चिंधीवर आला. खिडकीच्या रबराच्या बीडिंगवर रंगाचा धूर बसलाय का, तेही बघा. तो दिसला म्हणजे बीडिंग न काढता नुसती टेप चिकटवून उडवलंय, आणि काही महिन्यांनी टेपच्या त्या रेघेवरूनच रंग सुटायला लागतो.

सगळ्यात घातक रेडिएटर सपोर्ट, कारण तो बंपर आणि ग्रिलमागे लपतो. कंपनीचे स्पॉट वेल्ड छोटे, गोल, ठराविक अंतरावर असतात. आमच्याकडे गॅस वेल्डिंगची ओबडधोबड शीर होती, वर काळा स्प्रे. गॅसची उष्णता आजूबाजूला लांबवर पसरते, पत्र्याचा ताठपणा जातो, गंजरोधक थर जळतो. बॉनेटचं लॉक याच पट्टीवर बसतं, म्हणून आमचं बॉनेट आपटल्याशिवाय लागेना. गॅरेजचं उत्तर होतं, 'नवीन आहे, बसेल हळूहळू.' पत्रा हळूहळू बसत नसतो. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत सारखी हवी. डावीकडे वर तीन मिलिमीटर आणि खाली सहा असेल तर आतलं काहीतरी वाकडं आहे. हेडलॅम्पच्या पाठीवर स्टिकर असतं, आमच्यावर २०२१ छापलेलं निघालं, गाडी ज्या वर्षीची त्याच वर्षीचं. तुटलेले कान प्लॅस्टिक वितळवून जोडले होते.

आता दाद मागायला गेल्यावर काय होतं ते ऐका. विमा कंपनीचं कॉल सेंटर म्हणालं, क्लेम सेटल झालाय, व्हाउचरवर तुमची सही आहे. सर्व्हेअरने री-इन्स्पेक्शनचे (काम झाल्यावरच्या तपासणीचे) फोटो पाठवले, सगळे सहा-सात फुटांवरून काढलेले. जुन्या दरवाज्याचा एकही फोटो नाही. दरवाजा बदलला तर जुना दरवाजा कुठेतरी असायला हवा ना? भंगार म्हणून त्याची किंमतही धरली जाते. हा प्रश्न लेखी विचारला, त्याला आजवर उत्तर नाही. पोलिसांकडे गेलो तर 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं. न केलेल्या कामाचं बिल लावून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते, वर 'विमा कंपनीचे पैसे गेले, तुमचं काय गेलं?' हा प्रश्न. आमचं काय गेलं ते सांगते. धातूच्या तीन भागांवर २५ टक्के घसारा (गाडीच्या वयामुळे विमा कंपनी कापते ती रक्कम) आम्ही भरला, ७,००० रुपये. हेडलॅम्पवर ५० टक्के, ३,३६०. म्हणजे गाडीत नसलेल्या वस्तूंसाठी १०,३६० रोख. वर दुसरीकडे दरवाजा, बॉनेट आणि सपोर्ट पुन्हा करून घ्यायला ३८,४००. परिवहन खात्याच्या कार्यालयात म्हणाले, आमच्या अखत्यारीत येत नाही. ऑनलाइन तक्रार केली, ती जशीच्या तशी गॅरेजकडे गेली, गॅरेजने 'ग्राहक समाधानी' लिहून व्हाउचर जोडलं आणि तक्रार बंद. ज्याने लुटलं त्याच्याच उत्तरावर फाइल बंद करायची असेल तर तक्रार घेताच कशाला?

तरी रस्ते आहेत. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही. पण तिथे विमा कंपनीविरुद्धच दाद मिळते. गॅरेजविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही.

गाडी गॅरेजला देण्याआधी प्रत्येक ठोकलेल्या भागाच्या आत, दरवाज्याच्या खालच्या कडेला, बॉनेटच्या चौकटीत, पर्मनंट मार्करने खूण करा आणि फोटो काढा. परत आल्यावर खूण तिथेच असेल तर भाग जुनाच. खूण पुसलेली असेल तर का पुसली ते विचारा. काम प्रायमरला आलं की जाऊन बघा, नाहीतर फोटो मागा. नवा भाग एकसारखा काळा-करडा दिसतो, लांबी भरलेल्यावर ठिगळं दिसतात. भागांच्या खरेदीचं बिल पार्ट नंबरसकट मागा, नवीन भागांचे एमआरपी स्टिकर मागा, जुने भाग समोर ठेवायला सांगा. ताबा सकाळच्या उन्हात, कोरड्या गाडीचा घ्या. व्हाउचरवर सही केल्याशिवाय गाडी सोडत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'तपासणी बाकी, हरकत राखून' असं लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढा.

मीटरच्या आकड्यांचे फोटो घेताना प्रत्येक भागाचा एक फोटो तरी असा घ्या की त्यात मीटर, तो पत्रा आणि नंबरप्लेट एकत्र दिसतील. दरवाज्याजवळ नंबरप्लेट येत नाही, तिथे सलग व्हिडिओ काढा, प्लेटपासून सुरू करून मध्ये न थांबवता दरवाज्यापर्यंत. आमच्या नोटिशीला गॅरेजने वकिलामार्फत उत्तर दिलंय की १,४८० चा फोटो याच गाडीचा आहे याला पुरावा नाही.