१९३६ची म्हणून विकलेली लायका

जुन्या, पूर्णपणे यांत्रिक रेंजफाइंडर (वस्तूचे अंतर जुळवून फोकस करणाऱ्या) कॅमेऱ्यांची आवड असणाऱ्या सर्वांसाठी, आणि विशेषतः पहिली लायका, म्हणजे जर्मनीचा तो नावाजलेला कॅमेरा, घेण्यासाठी पै-पै बाजूला टाकणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. दक्षिण मुंबईतील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मला ४८,००० रुपयांना जो कॅमेरा ‘लायका टू, १९३६, बर्लिन ऑलिम्पिकची खास आवृत्ती’ म्हणून विकला, तो लायका नाही. तो सोव्हिएत बनावटीचा झोर्की आहे आणि त्याच्यावरचे मूळ नाव घासून काढून त्या जागी जर्मन नाव कोरलेले आहे. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे व्यापाऱ्याचे नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण ती त्या एका दुकानापुरती मर्यादित नाही.

या कॅमेऱ्यांवर माणसे इतका जीव का लावतात, हे आधी सांगायला हवे, कारण फसवणुकीचा सगळा डाव त्यावरच उभा आहे. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात लोकांसमोर आला आणि १९३२ मध्ये आलेल्या लायका टूमध्ये भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर बसवलेला होता. छोट्या खिडकीतून पाहिले की समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, भिंगाचे कडे फिरवत त्या एकमेकींवर तंतोतंत बसवल्या की फोकस झाला, आणि मग बटण दाबल्यावर कापडी पडद्याचा जो हलका आवाज येतो तो शेजारी बसलेल्या माणसालाही क्वचितच ऐकू जातो. आत बॅटरी नाही, वर उचलला जाणारा आरसा नाही. सगळा कारभार स्प्रिंगा, दाते आणि पितळ यांचा. नव्वद वर्षांपूर्वीचे यंत्र तेलपाणी केले की आजही रोल भरून चालते, आणि ज्याने ते काही वर्षे वापरले आहे त्याला १/२० आणि १/६० या वेगांतला फरक नुसत्या कानाने कळतो. मी कॅनन कंपनीचा कॅननेट क्यूएल१७ अनेक वर्षे वापरत आलो आहे आणि त्या कॅमेऱ्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही; पण स्क्रू-माउंटची, म्हणजे भिंग आट्यांवर फिरवून बसवायची, जुनी लायका हाताळण्याची इच्छा जुनी होती आणि ती मी ओळखीच्या सर्व छंदी मित्रांना सांगितलेली होती. तीच गोष्ट फिरत फिरत या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचली.

त्याने मला काहीही विकण्याची घाई केली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पहिल्या फोनवर तो कॅमेऱ्यांविषयी बोलला, मी कोणती फिल्म वापरतो, घरी डेव्हलप करतो का, हे त्याने आपुलकीने विचारले. दुसऱ्या वेळी त्याने सांगितले की जहाजावर इंजिनिअर असलेल्या एका गृहस्थांच्या घरातून एक पेटी आली आहे, तीत एक लायका आहे, पण ती तो ‘शोकेसमध्ये ठेवणाऱ्या माणसाला’ देणार नाही. ‘तुमच्यासारखा वापरणारा माणूस भेटला तर दोन पैसे कमी घेईन,’ हे त्याचे शब्द होते. खऱ्या आवडीला दिलेली ही दाद आहे असे कोणालाही वाटावे, अशाच बेताने ते बोललेले होते. किंमत बाजारभावापेक्षा कमी का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने प्रश्न विचारण्याआधीच मिळून गेले.

मोबाइलवर आलेले फोटो सुरेख होते. वरच्या पट्टीवरील लायकाची लफ्फेदार अक्षरे, अनुक्रमांक, ऑलिम्पिकची कडी, काळ्या रंगाखालून कडांना डोकावणारे पितळ, भिंगावर लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीचे आणि तिच्या वेट्झलार गावाचे नाव. भिंग काढून आतल्या बाजूचा एकही फोटो त्यांत नव्हता. मी तो मागितला तेव्हा ‘जुना माल आहे, वारंवार फिरवला की आटे झिजतात’ असे उत्तर आले. दुकानात प्रत्यक्ष कॅमेरा हातात दिला, शटर ठीक चालत होते, रेंजफाइंडरमधील प्रतिमा स्वच्छ होती. भिंगाला मात्र त्याने तेव्हाही हात लावू दिला नाही. दहा हजार आधी यूपीआयने गेले होते, उरलेले त्याने रोख मागितले, आणि पावतीवर लिहिले : ‘जुना कॅमेरा, शोभेची वस्तू, १ नग.’ पावतीतला हा मजकूर पुढे त्याच्या फार उपयोगी पडला.

संशयाला पहिले कारण मिळाले ते फिल्मवर. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या ५० मिलिमीटर, एफ ३.५ च्या भिंगाने काढलेली छायाचित्रे ठीकच होती. मग एका मित्राने त्याचे अस्सल लाइट्झ समिटार भिंग काही दिवस वापरायला दिले, आणि त्या भिंगाने एफ २ वर, म्हणजे भिंग पूर्ण उघडे ठेवून, साधारण एक मीटरवरून काढलेल्या प्रत्येक व्यक्तिचित्रात डोळे मऊ आणि कानाची पाळी धारदार आली. दूरची दृश्ये मात्र नीट. हाताच्या कंपनाने किंवा चुकीच्या अंदाजाने असे एकसारखे होत नाही. सोव्हिएत कॅमेरे आणि जर्मन लायका यांच्या भिंगाचे आटे ३९ मिलिमीटरचेच आणि एकमेकांत बसणारे असले, तरी रेंजफाइंडर ज्या मापावर जुळवलेला असतो ते माप दोघांचे किंचित वेगळे आहे. भिंग पूर्ण उघडे ठेवून जवळची वस्तू टिपताना तो फरक उघडा पडतो.

पुण्यात यांत्रिक कॅमेरे दुरुस्त करणारे जे एक ज्येष्ठ कारागीर आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा नेला. त्यांनी भिंग फिरवून काढले, टेबलावरचा दिवा तिरका केला आणि भिंग बसते त्या गोल तोंडात वरच्या बाजूला बोट दाखवले. भिंग आत-बाहेर सरकते तेव्हा त्याच्या मागच्या कडेवर टेकून रेंजफाइंडरला हलवणारी एक लहान दांडी तिथे असते. लायकात त्या दांडीच्या टोकाला फिरणारे बारीक चाक असते. माझ्या कॅमेऱ्यात चाक नव्हते; तिथे नाकासारखे पुढे आलेले, न फिरणारे भरीव टोक होते. फेड या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्यात आणि जुन्या झोर्कींत हाच भाग असतो, आणि तो बदलणे किचकट असल्याने बनावट करणारे बहुधा त्याच्या वाटेला जात नाहीत. ही एक गोष्ट पाहायला अर्धा मिनिट लागतो. भिंग काढू न देण्यामागचे कारण तेवढेच होते.

त्यानंतर बाकीचे पुरावे एकामागून एक निघत गेले. त्याच तिरक्या उजेडात वरच्या पट्टीचा मधला भाग बशीसारखा किंचित खोलगट दिसत होता, कारण तेवढ्याच जागेवरचे मूळ कोरीवकाम घासून काढलेले होते; नव्या अक्षरांची खोली कुठे जास्त, कुठे कमी होती. कोरलेला अनुक्रमांक लायकाच्या याद्यांत तपासला, तर तो लायका थ्रीचा निघाला. १९३३ पासून आलेल्या त्या मॉडेलमध्ये मंद वेगांसाठी पुढच्या बाजूला एक वेगळी चकती असते, आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचा पुढचा भाग सपाट होता. भिंगावर जांभळट-निळ्या झाकेचे कोटिंग होते. १९३६ च्या एल्मारवर, म्हणजे त्या काळच्या लायकाच्या एफ ३.५ भिंगावर, ते मूळचे असू शकत नाही (काही जुन्या भिंगांवर ते मागाहून चढवून घेतलेले असते, म्हणून एवढ्या एका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये). निर्णायक ठरले ते ॲपर्चर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे छिद्र. एल्मारमध्ये ॲपर्चरच्या पात्या सर्वांत पुढच्या काचेच्या लगेच मागे असतात; इथे त्या दुसऱ्या काचेच्याही मागे, आत खोल होत्या. म्हणजे भिंगही एल्मार नव्हे, तर दिसायला तसेच, आत सरकून बसणारे सोव्हिएत इंडस्टार-२२ होते. आणि ज्या ऑलिम्पिक आवृत्तीचे एवढे कौतुक सांगितले गेले, तशी आवृत्ती लाइट्झ कंपनीने काढलेलीच नाही.

या बनावटीमागचा इतिहास माहीत असला तर अर्धी फसवणूक तिथेच टळते. १९३४ पासून युक्रेनमधील खार्किव येथे लायका टूची सोव्हिएत प्रतिकृती तयार होऊ लागली. अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को यांनी चालवलेली जी वसाहत होती, तिच्या कारखान्यात ती बनत असे, आणि वसाहत ज्यांच्या नावाची होती त्या सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याला फेड हे नाव मिळाले. महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे त्याच रचनेचा झोर्की निघू लागला. हे कॅमेरे लाखांच्या संख्येने बनले, आणि दिसायला लायकासारखेच असल्याने पुढे अनेकांनी त्यांच्यावर जर्मन नावे, जर्मन वायुदलाची चिन्हे, ऑलिम्पिकच्या कड्या, वेळप्रसंगी सोन्याचा मुलामा आणि सापाच्या कातडीचे नक्षीकाम चढवून ते जगभर विकले. जर्मन वायुदलासाठी बनलेल्या खऱ्या लायका अस्तित्वात आहेत, म्हणूनच तो बनाव खपतो. त्यामुळे जितके चिन्ह जास्त, जितका इतिहास थोर, तितकी शंका मोठी धरावी.

मला पैशांइतकाच राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. झोर्की हा वाईट कॅमेरा नाही. नीट जुळवलेला असेल तर तो उत्तम छायाचित्रे देतो आणि त्याच्या स्वतःच्या नावाने तो मला या किमतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात मिळाला असता. कोणा कामगाराने क्रास्नोगोर्स्कमध्ये तपासून बाहेर पाठवलेल्या यंत्रावरचे नाव, कारखान्याचे चिन्ह, क्रमांक, सगळे पुसून टाकले गेले. तो कोणत्या साली बनला हे आता कोणालाही सांगता येणार नाही. कॅमेऱ्यांवर प्रेम असल्याचे सांगत आयुष्य काढणाऱ्या माणसाने असा माल विकावा, याला मी साधा व्यापार म्हणायला तयार नाही.

स्क्रू-माउंटची लायका घेणाऱ्याने म्हणून भिंग काढून आतला भाग पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. दूरचा व्यवहार असेल तर त्या चाकाचा स्वच्छ फोटो मागावा आणि मिळाला नाही तर व्यवहार तिथेच थांबवावा. भिंग काढलेलेच आहे तर शटरचा कापडी पडदाही बघून घ्यावा. शटर ओढून (म्हणजे फोटोसाठी चढवून) आणि न ओढता, दोन्ही स्थितींत, बारीक विजेरीने नीट तपासले की कापडातली छिद्रे दिसतात. ती काळ्या रंगाने बुजवलेली असतील तर त्या जागी कापड कडक लागते आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा फाटते. या कॅमेऱ्यांत शटर ओढल्यानंतरच वेगाची चकती फिरवायची असते. विक्रेता न ओढताच ती कराकरा फिरवताना दिसला, तर त्याला यंत्राची माहिती नाही किंवा पर्वा नाही, दोन्हींचा अर्थ एकच. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, भिंगात बुरशी हमखास असते. बाहेरून पुसून चकाकवलेल्या भिंगात आतल्या थरावरचे जाळे पलीकडून उजेड टाकल्यावरच दिसते. लायकाचे पुढचे एम ३ मॉडेल घेणाऱ्यांनी रेंजफाइंडरची खिडकी नीट पाहावी, कारण पडलेल्या एम ३ मध्ये आतल्या प्रिझमचा जोड सुटतो आणि दृश्य काळवंडते, व ती दुरुस्ती महाग पडते. मूळ चंदेरी बॉडीवर काळा रंग चढवून ती ‘मूळ काळी’ म्हणून विकणे हाही जुनाच प्रकार आहे, तिथे पुन्हा अनुक्रमांकाची यादी कामी येते.

व्यवहाराच्या कागदाबद्दल थोडे. मी परत गेलो तेव्हा व्यापारी शांतपणे म्हणाला, ‘साहेब, पावतीवर लायका असं कुठे लिहिलंय? शोभेची वस्तू घेतलीत तुम्ही.’ सुदैवाने मोबाइलवरचे त्याचे संदेश मी ठेवले होते आणि त्यांत ‘ओरिजनल लायका, १९३६, गॅरंटी’ असे त्याने स्वतः लिहिलेले होते. वकिलांनी नोटीस पाठवली ती त्याच संदेशांच्या आधारे, आणि पोलिसांकडील तक्रारही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, देण्यात आली. नोटीस मिळाल्यावर त्याने यूपीआयने घेतलेले दहा हजार परत केले. रोख दिलेल्या रकमेबद्दल तो काहीही मान्य करत नाही. तेव्हा पावतीवर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘अस्सल न निघाल्यास परत घेतले जाईल’ हे वाक्य लिहून घ्यावे, आणि पूर्ण रक्कम बँकेतूनच द्यावी. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि विक्रेता बेपत्ता झाला असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा, कारण रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. दुकानदाराविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागण्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

पुरावा म्हणून कॅमेऱ्याचे सर्व बाजूंचे फोटो आणि कारागिरांचे लेखी मत तक्रारीला जोडले आहे. कॅमेरा सध्या माझ्याकडे आहे. कारागिरांनी त्याचा रेंजफाइंडर त्याच्याच इंडस्टार भिंगाशी जुळवून दिला आणि आता त्याची छायाचित्रे कोपऱ्यापर्यंत स्पष्ट येतात. तपास संपला की तळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, रोल भरताना प्रत्येकाला दिसेल अशा जागी, ‘झोर्की, क्रास्नोगोर्स्क, वरचे नाव खोटे’ एवढे शब्द कोरून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.