निळं पेन, वाळूतले खेकडे आणि एक दुपटं

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला गेलात तर ओल्या वाळूत बिळाबिळाभोवती बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. चिमुकले खेकडे वाळू तोंडाशी नेतात, तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून बाहेर सरकत सरकत हे काम चालतं, म्हणून गोळ्या किरणांसारख्या पसरतात. मधे एक वाट मोकळी असते, धोका दिसला की बिळात पळायला. भाचीच्या बाळाच्या दुपट्यावर मला हीच नक्षी हवी होती. ती आखायला जे पेन घेतलं, त्याबद्दल लिहितेय.

शिवणाच्या सामानाच्या दुकानात 'पाण्याने जाणारं निळं पेन' म्हणून मागायचं. मला ९० रुपयांना पडलं. आधी मी शिंप्याच्या खडूने आखायचे. पण दुपटं रोज मांडीवर फिरतं, हाताखाली घासतं, दुसऱ्या दिवशी अर्ध्या खुणा गायब. पेन्सिल जाता जात नाही. आपोआप उडणारं जांभळं पेन आमच्याकडच्या पावसाळी हवेत चहा टाकून येईपर्यंत फिकं होतं. निळ्याच्या खुणा तीन आठवडे जशाच्या तशा राहिल्या, आणि हाताने शिवणारीला तेवढा वेळ लागतोच.

वर-खाली मांजरपाट, आत दोन जुनी सुती पातळं. बिळाच्या जागी रुपयाचं नाणं ठेवून गोल काढला, त्यातून पट्टी न लावता किरण आणि किरणांवर ठिपके. एक ठिपका, एक टाका. पहिल्या गोलात मोकळी वाट सोडायची राहिली, तर तो शाळेच्या वहीतला सूर्य दिसायला लागला. पाण्याने पुसून पुन्हा काढला, वाट ठेवली आणि खेकडा आला! उरलेल्या जागेत लाटांनी वाळूवर उठवलेल्या वळ्या धावदोऱ्याने घातल्या. त्या वळ्या नीट बघा, सारख्या अंतरावर कधीच नसतात. दोन वळ्या मधेच एक होतात. तसंच आखलं.

आता सावध करते. खुणा असताना इस्त्री अजिबात फिरवू नका. एका कोपऱ्यावर मी फिरवली, तिथली रेघ तपकिरी होऊन कायमची बसली. पाकिटावर ही सूचना आहे, पण अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत. विकताना दुकानात कुणी सांगत नाही, सांगायला हवं. दुसरं, ओल्या फडक्याने टिपून भागत नाही. निळं आतल्या थरांत उतरतं आणि वाळताना परत वर येतं. टबभर साध्या गार पाण्यात पूर्ण बुडवा, पाणी दोनदा बदला, साबण त्यानंतरच.

गडद कापडावर हे पेन दिसत नाही. तिथे अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी उत्तम चालते आणि फुकट पडते. मांजरपाटाच्या खरखरीत विणीवर पेनाचं टोकही लवकर पसरतं, शेवटचे ठिपके जाड आले. तरी ५ पैकी ४ देईन.

मांजरपाट मी मुद्दाम आधी भिजवलं नव्हतं. पहिल्या धुण्यात ते टाक्यांभोवती आकसलं आणि सगळ्या गोळ्यांना बोटाला लागेल असा उठाव आला.